लेखनसंकेत, वेब अनुप्रयोगांचे

वेब अनुप्रयोगाची आज्ञावली लिहिताना नावे, फाइलींच्या जागा, निरनिराळ्या भागांची रचना व त्यांचे परस्परसंबंध यांविषयी आगाऊ ठरविलेल्या आणि सर्वांनी सारख्याच रीतीने पाळावयाच्या नियमांना लेखनसंकेत म्हणतात. ब्राउझरच्या द्वारे वापरावयाच्या आज्ञावलीस वेब अनुप्रयोग अशी संज्ञा आहे. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खात्याचे व्यवहार, ग्रंथालयाची सूची इ. सेवा अशा अनुप्रयोगांमार्फत पुरविल्या जातात. कोशातील नोंदी अकारविल्हे लावावयाच्या हा संकेत एकदा मान्य झाला, की कोणती नोंद कोणत्या पानावर आहे हे सांगणारी स्वतंत्र यादी वाचकाला लागत नाही. शब्दावरूनच तो पानापर्यंत पोहोचतो. वेब अनुप्रयोगाच्या रचनेतही हेच तत्त्व उपयोगी पडते. एखाद्या भागाच्या नावावरूनच त्याचे स्थान व कार्य निश्चित होत असेल, तर ते निराळे लिहून ठेवण्याचे श्रम वाचतात.

लेखनसंकेतांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारचे संकेत केवळ माणसांकरिता असतात. ओळीच्या आरंभी किती जागा सोडावी, नावे कशी जोडावीत, टिपणे कोठे लिहावीत यांसारख्या गोष्टी त्यांत मोडतात. हे संकेत मोडले, तरी संगणकाच्या कार्यात सामान्यतः फरक पडत नाही. वाचणाऱ्यास मात्र त्रास होतो. पायथन या भाषेसाठी २००१ मध्ये तयार करण्यात आलेली ‘पेप ८’ ही नियमावली या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारचे संकेत यंत्रही वाचते. विशिष्ट नावाची फाइल विशिष्ट ठिकाणी आढळली, म्हणजे तिचा विशिष्ट उपयोग करावयाचा असे यंत्रणेत आधीच ठरलेले असते. असे संकेत मोडल्यास अनुप्रयोग चालत नाही किंवा भलत्याच रीतीने चालतो. वेब अनुप्रयोगांची रचना सुलभ होण्यास मुख्यतः हा दुसरा प्रकार कारणीभूत झाला असून प्रस्तुत नोंदीत त्याचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

पूर्वपीठिका : नावावरून अर्थ ठरविण्याची पद्धती वेबच्या बरीच आधीची आहे. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या व १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोर्ट्रान भाषेत चलाच्या नावाचे पहिले अक्षर रोमन वर्णमालेतील आय ते एन यांपैकी असेल, तर त्या चलाचे मूल्य पूर्णांक समजले जाई. अन्य अक्षर असल्यास ते अपूर्णांकासह येणारी संख्या मानले जाई. गणितात ही अक्षरे क्रमदर्शक म्हणून वापरण्याचा प्रघात होताच. त्यामुळे प्रत्येक चलाचा प्रकार निराळा घोषित करण्याचे काम वाचले. परंतु या सोयीबरोबर एक धोकाही आला. नावाचे एखादे अक्षर चुकले, तर ती चूक आहे असे न मानता यंत्रणा त्या नावाचे एक नवेच चल गृहीत धरी व उत्तर चुके. चुकीची सूचना न मिळाल्यामुळे ती शोधणे अवघड जाई. पुढे फोर्ट्रान ९० या प्रमाणित आवृत्तीत हा संकेत रद्द ठरविणाऱ्या घोषणेची सोय करण्यात आली आणि ती घोषणा प्रत्येक आज्ञावलीच्या आरंभी लिहावी, असा नवा संकेत रूढ झाला. संकेतामुळे होणारी बचत आणि त्याच्या अबोलपणामुळे होणारी हानी या दोन्ही गोष्टी या पहिल्याच मोठ्या उदाहरणात स्पष्ट दिसतात.

बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेल्या ‘मेक’ या साधनातही हे तत्त्व होते. सी भाषेतील फाइलीपासून यंत्राज्ञांची फाइल कशी तयार करावयाची, हे त्या साधनाला फाइलीच्या नावाच्या शेवटच्या भागावरून कळे. प्रत्येक फाइलीसाठी वेगळा नियम लिहावा लागत नसे. १९९० नंतरच्या दशकात वेब सर्व्हरांनीही असाच एक संकेत रूढ केला. पत्त्यात फक्त फोल्डरचे नाव असेल, तर त्यातील ‘इंडेक्स’ नावाचे पान वाचकास पाठवावयाचे, हा तो संकेत होय. तो आजही मोठ्या प्रमाणावर पाळला जातो.

वेब अनुप्रयोगातील जुळणी : वेब अनुप्रयोगाचे कार्य थोडक्यात पुढीलप्रमाणे चालते. वाचकाचा ब्राउझर एका पत्त्यावर मागणी पाठवितो. ती कोणत्या भागाने हाताळावयाची हे सर्व्हरवरील अनुप्रयोग ठरवितो. तो भाग डेटाबेसमधून आवश्यक ती माहिती मिळवितो आणि ती पानाच्या साच्यात भरून तयार झालेले पान ब्राउझरकडे परत पाठवितो. ही कामे परस्परांत मिसळू नयेत म्हणून अनुप्रयोगाचे तीन भाग करण्याची पद्धत आहे : माहिती व तिच्यासंबंधीचे नियम सांभाळणारे प्रतिमान, पानाचे बाह्य रूप ठरविणारे दृश्य आणि मागणी स्वीकारून या दोहोंत मेळ घालणारा नियंत्रक. ही त्रिविध रचना नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात मांडली. त्या वेळी तिचा उद्देश पडद्यावरील चित्रमय मांडणी हा होता. वेब अनुप्रयोगांना ती पुढे लागू करण्यात आली.

भाग निराळे केले, की ते जोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. कोणता पत्ता कोणत्या नियंत्रकाकडे जावा, नियंत्रकाचे काम झाल्यावर कोणते दृश्य दाखवावे, प्रतिमानाचा कोणता वर्ग डेटाबेसमधील कोणत्या सारणीशी निगडित आहे, वर्गातील कोणता गुण सारणीच्या कोणत्या स्तंभात साठवावा आणि एक सारणी दुसरीशी कशाने जोडलेली आहे, हे सर्व कोठेतरी सांगावे लागते. या सांगण्याला जुळणी म्हणता येईल. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जावा भाषेतील मोठ्या अनुप्रयोगांत ही जुळणी एक्सएमएल या खुणांच्या भाषेतील स्वतंत्र फाइलींत लिहिण्याची प्रथा होती. स्ट्रट्स या तत्कालीन लोकप्रिय साधनात पत्ते, नियंत्रक व दृश्ये यांचे संबंध अशा फाइलीत नोंदविले जात. हायबरनेट या साधनात वर्ग व सारण्या यांच्या जुळणीसाठी आणखी फाइली असत.

या पद्धतीत लवचिकपणा भरपूर होता. वर्गाचे नाव एक व सारणीचे नाव अगदी निराळे असले, तरी अडत नसे. परंतु व्यवहारात बहुतेक ठिकाणी ही नावे सारखीच असत. परिणामतः ‘पुस्तक या वर्गाची सारणी पुस्तके ही आहे व त्यातील शीर्षक हा गुण शीर्षक या स्तंभात ठेवावा’ अशा स्वरूपाच्या, ज्यांत नवीन काहीच सांगितलेले नाही अशा ओळी शेकड्यांनी लिहाव्या लागत. एक स्तंभ वाढवावयाचा म्हटला, तरी तीन-चार फाइलींत बदल करावा लागे आणि त्यांतील एक विसरल्यास अनुप्रयोग बंद पडे.

रुबी ऑन रेल्स : या अडचणीवर संकेतांचा उपाय व्यापक प्रमाणावर योजणारे पहिले लोकप्रिय साधन म्हणजे रुबी ऑन रेल्स किंवा नुसते रेल्स हे होय. अनुप्रयोगाचा तयार सांगाडा पुरविणाऱ्या अशा साधनास फ्रेमवर्क म्हणतात. रुबी ही भाषा जपानी संगणकतज्ञ युकिहिरो मात्सुमोतो यांनी निर्माण केली व १९९५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. डॅनिश आज्ञावलीकार डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी शिकागो येथील थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीसाठी बेसकॅम्प हा कामकाजाच्या नियोजनाचा अनुप्रयोग रुबीमध्ये लिहिला. त्यातील सर्वसामान्य उपयोगाचा भाग निराळा काढून त्यांनी जुलै २००४ मध्ये रेल्स या नावाने तो मुक्तपणे उपलब्ध करून दिला. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘कन्व्हेन्शन ओव्हर कॉन्फिगरेशन’, म्हणजे जुळणीपेक्षा संकेताला अग्रक्रम, हे रेल्सचे घोषवाक्य बनले. जे नेहमीसारखे आहे ते लिहू नये. जे नेहमीपेक्षा निराळे आहे तेवढेच लिहावे, असा त्याचा आशय आहे.

रेल्समधील संकेत : ग्रंथालयाच्या सूचीचे उदाहरण घेतल्यास या संकेतांचे स्वरूप ध्यानात येईल. सूचीत पुस्तके व लेखक अशा दोन प्रकारच्या नोंदी ठेवावयाच्या आहेत असे समजू. आज्ञावलीकार ‘बुक’ नावाचा वर्ग लिहितो. वर्गाचे नाव इंग्रजीत, एकवचनी व कॅपिटल अक्षराने सुरू होणारे असावे आणि सारणीचे नाव त्याच शब्दाचे अनेकवचन असून लहान अक्षरांत असावे, असा संकेत आहे. त्यानुसार रेल्स या वर्गाचा संबंध ‘बुक्स’ या सारणीशी आपोआप जोडते. वर्गात स्तंभांची नावेही लिहावी लागत नाहीत. सारणीत कोणते स्तंभ आहेत हे रेल्स डेटाबेसलाच विचारते आणि प्रत्येक स्तंभासाठी त्याच नावाचा गुण वर्गाला प्राप्त करून देते. सारणीतील एक ओळ म्हणजे वर्गाची एक वस्तू ही कल्पना मार्टिन फाउलर यांनी आपल्या २००२ मधील ग्रंथात ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’ या नावाने वर्णिली होती. रेल्समधील संबंधित भागाला तेच नाव देण्यात आले.

प्रत्येक सारणीत नोंदीचा अनन्य क्रमांक ‘आयडी’ या स्तंभात असतो. पुस्तकाच्या नोंदीत त्याच्या लेखकाचा क्रमांक ठेवावयाचा असल्यास त्या स्तंभाचे नाव ‘ऑथर’ व ‘आयडी’ हे शब्द खालच्या रेषेने जोडून तयार करतात. पुस्तक लेखकाचे आहे, असे वर्गात एका ओळीत सांगितले, की कोणत्या सारणीतील कोणती नोंद शोधावयाची हे रेल्सला त्या नावावरून कळते. ‘क्रिएटेड_ॲट’ व ‘अपडेटेड_ॲट’ या नावांचे स्तंभ असल्यास नोंद केव्हा निर्माण झाली व केव्हा बदलली यांच्या वेळा त्यांत आपोआप भरल्या जातात. ‘लॉक_व्हर्शन’ या नावाचा स्तंभ ठेवल्यास दोन व्यक्तींनी एकच नोंद एकाच वेळी दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला असता दुसऱ्या व्यक्तीचा बदल पहिलीच्या बदलावर लिहिला जात नाही.

नियंत्रक व दृश्ये यांच्या बाबतीतही असेच संकेत आहेत. अनुप्रयोगाच्या ‘ॲप’ या फोल्डरमध्ये प्रतिमाने, दृश्ये व नियंत्रक यांचे निरनिराळे फोल्डर असतात. पुस्तकांच्या नियंत्रकात ‘इंडेक्स’ नावाची क्रिया लिहिली, की ती पूर्ण झाल्यावर दृश्यांच्या फोल्डरमधील ‘बुक्स’ या उपफोल्डरातील ‘इंडेक्स’ नावाचा साचा वापरला जातो. पानाच्या एखाद्या तुकड्याचा साचा असेल, तर त्याच्या फाइलीचे नाव खालच्या रेषेने सुरू करतात.

पत्त्यांची जुळणी रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडलेल्या रेस्ट या रचनापद्धतीवर आधारलेली आहे. तीत प्रत्येक साधनवस्तूला स्वतःचा पत्ता असतो आणि तिच्यावरील क्रिया मागणीच्या प्रकारावरून ओळखल्या जातात. पुस्तके ही अशी साधनवस्तू आहे, असे एका ओळीत घोषित केले असता रेल्समध्ये सात क्रियांचे मार्ग तयार होतात : सर्व पुस्तकांची यादी दाखविणे, एक पुस्तक दाखविणे, नव्या नोंदीचा कोरा अर्ज दाखविणे, तो अर्ज स्वीकारून नोंद करणे, दुरुस्तीचा अर्ज दाखविणे, दुरुस्ती स्वीकारणे व नोंद काढून टाकणे. या सात क्रियांची नावे ठरलेली असल्याने एका अनुप्रयोगात काम केलेल्या व्यक्तीला दुसऱ्या अनुप्रयोगातील नोंदी काढून टाकण्याचा भाग कोठे असेल, हे न विचारता कळते.

अपवादांची सोय : संकेत म्हणजे सक्ती नव्हे. जुन्या डेटाबेसमधील सारणीचे नाव संकेताप्रमाणे नसेल, तर वर्गात एका ओळीने खरे नाव सांगता येते. क्रमांकाचा स्तंभ, जोडणारा स्तंभ, साच्याचे नाव, पत्त्याचे रूप या सर्वांच्या बाबतीत अशी मुभा आहे. लिहिलेले सर्व काही अपवादात्मक असल्यामुळे आज्ञावली वाचणाऱ्याचे लक्ष नेमके वेगळेपणाकडे जाते. परंतु अपवादांची संख्या वाढत गेली, तर संकेतांचा लाभ नाहीसा होतो. म्हणून फार जुन्या व निराळ्या रीतीने बांधलेल्या डेटाबेसवर अनुप्रयोग उभारावयाचा असल्यास संकेताधिष्ठित फ्रेमवर्क तितकेसे सोयीचे ठरत नाही.

लाभ : आज्ञावलीच्या ओळी कमी होतात हा लाभ सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, तथापि तो सर्वांत महत्त्वाचा नव्हे. अनुप्रयोग लिहिण्यास जितका काळ लागतो त्याहून कितीतरी अधिक काळ तो वापरात राहतो आणि त्या काळात लिहिणारी माणसे बदलत असतात. मूळ लेखक निघून गेल्यावर त्याची आज्ञावली दुसऱ्याला वाचावी, दुरुस्त करावी व वाढवावी लागते. संकेत पाळलेले असल्यास या नवागताला केवळ अनुप्रयोगाचा विषय समजून घ्यावा लागतो. त्याची बांधणी त्याला आधीच परिचित असते. संकेत नसतील, तर प्रत्येक अनुप्रयोगाची बांधणी ही त्या लेखकाची खाजगी भाषा होऊन बसते आणि ती जाणणारी व्यक्ती उपलब्ध नसल्यास चालू असलेला अनुप्रयोगही दुरुस्त करता येत नाही.

दुसरा लाभ निर्णयांच्या संख्येशी निगडित आहे. स्तंभाला काय नाव द्यावे, फाइल कोठे ठेवावी यांसारखे प्रश्न एरवी प्रत्येक गटात चर्चेचे विषय होतात. त्यांची उत्तरे कोणतीही असली, तरी फारसे बिघडत नाही. मात्र सर्वांची उत्तरे एकच असणे अगत्याचे असते. संकेताने ते एकदाच ठरवून टाकल्यामुळे विचारशक्ती खऱ्या प्रश्नांसाठी मोकळी राहते. तिसरा लाभ सहायक साधनांचा. सर्व अनुप्रयोगांची बांधणी सारखी असल्यास चाचण्या घेणे, सांगाडा तयार करणे, वापरणाऱ्यांची ओळख पटविणे यांसारख्या कामांसाठी एकाने लिहिलेले साधन इतरांच्या अनुप्रयोगांत जवळजवळ जसेच्या तसे बसते.

दोष व मर्यादा : संकेताचा मुख्य दोष त्याच्या गुणातच आहे. जे लिहिलेले नाही ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसते. जुळणीची फाइल कितीही कंटाळवाणी असली, तरी ती वाचून संबंध समजतो. संकेत मात्र आधी शिकावा लागतो. नवशिक्याला रेल्सचा अनुप्रयोग पुष्कळदा जादूसारखा भासतो आणि काही बिघडल्यास कोठे पाहावे हे त्याला उमगत नाही. संकेताचा अजाणता भंग होण्याचीही शक्यता असते. रेल्समध्ये ‘टाइप’ हे स्तंभाचे नाव वर्गांतील वारसासंबंध दर्शविण्यासाठी राखून ठेवलेले आहे. पुस्तकाचा प्रकार नोंदविण्यासाठी एखाद्याने सहज म्हणून हेच नाव दिले, तर त्या स्तंभातील मजकूर हे वर्गाचे नाव समजले जाते व अनुप्रयोग चुकीची सूचना देऊन थांबतो.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. एकवचनावरून अनेकवचन करण्याचे रेल्सचे नियम इंग्रजी व्याकरणावर आधारलेले आहेत. पर्सन या शब्दाचे पीपल, चाइल्डचे चिल्ड्रन, माउसचे माइस अशी अनियमित रूपे त्यात नमूद केलेली असून मनी, राइस, शीप यांसारख्या रूप न बदलणाऱ्या शब्दांची यादीही आहे. मराठीत घर–घरे, फूल–फुले, नदी–नद्या अशी रूपे होतात. परंतु ‘घर’ हा शब्द रोमन लिपीत लिहून वर्गाला दिल्यास सारणीचे अपेक्षित नाव ‘घर्स’ असे होते. असे शब्द नियमांत स्वतंत्रपणे घालता येतात. तथापि त्याऐवजी इंग्रजी नावेच वापरण्याकडे सर्वसाधारण कल आहे. लिपीचीही एक अडचण आहे. रुबी भाषेत वर्गाचे नाव कॅपिटल अक्षरानेच सुरू व्हावे लागते. देवनागरीत अक्षरांचे कॅपिटल व लहान असे भेद नसल्यामुळे साध्या चलाला देवनागरी नाव देता येत असले, तरी वर्गाचे नाव देवनागरी अक्षराने सुरू करता येत नाही. संकेत सर्वांसाठी असले, तरी ते कोणत्या तरी एका भाषेच्या सवयींतून घडलेले असतात, हे यावरून दिसून येते.

तिसरा व सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा होय. आज्ञावलीकाराने काहीही सांगितले नाही, तर जे घडते ते फ्रेमवर्कच्या निर्मात्याने निवडलेले असते. ही निवड चुकीची असेल, तर एकच चूक असंख्य अनुप्रयोगांत एकाच वेळी शिरते. रेल्समध्ये पूर्वी अर्जातून आलेले सर्व मजकूर त्या त्या नावांच्या स्तंभांत एकदम भरण्याची सोय होती. कोणते स्तंभ असे भरू नयेत हे सांगण्याची व्यवस्था उपलब्ध होती; पण ती आज्ञावलीकाराने आठवणीने वापरावी लागे. अर्जात नसलेला एखादा रकाना वापरणाऱ्याने स्वतः घालून पाठविला, तर तोही नोंदीत शिरू शके. मार्च २०१२ मध्ये एका वापरकर्त्याने गिटहब या आज्ञावल्या साठविण्याच्या सेवेत नेमकी हीच पळवाट वापरली. किल्ली नोंदविण्याच्या अर्जात त्याने दुसऱ्या सदस्याचा क्रमांक घालून पाठविला आणि त्यामुळे त्याला रेल्सच्याच मूळ आज्ञावलीत बदल करण्याचा अधिकार मिळाला. या धोक्याकडे लक्ष वेधणे हा त्याचा हेतू होता. त्यानंतर संकेत उलटा करण्यात आला. २०१३ मधील रेल्सच्या चौथ्या आवृत्तीपासून, स्पष्टपणे परवानगी दिलेले रकानेच एकदम भरता येतात. तत्पूर्वी २०१० मधील तिसऱ्या आवृत्तीत असाच एक बदल झाला होता. वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर पानावर दाखविताना त्यातील घातक खुणा निष्प्रभ करण्याचे काम आधी आज्ञावलीकाराला प्रत्येक ठिकाणी करावे लागे. त्या आवृत्तीपासून ते आपोआप होऊ लागले. विसरभोळेपणा गृहीत धरून, काही न केल्यास जे घडेल ते निर्धोक असावे, हे तत्त्व अशा अनुभवांतून प्रस्थापित झाले.

अन्य फ्रेमवर्कांतील प्रसार : रेल्सच्या यशानंतर संकेतांचा वापर इतर भाषांतही वाढला. पीएचपी भाषेतील केकपीएचपी व जावावर आधारलेले ग्रेल्स यांवर रेल्सचा प्रभाव स्पष्ट दिसतो. २०११ मध्ये आलेल्या लाराव्हेलमध्येही वर्गाच्या एकवचनी नावावरून सारणीचे अनेकवचनी नाव ठरते. जावामध्ये एक्सएमएलचे प्रस्थ कमी झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा ईई ५ या प्रमाणात, वर्गावर लहानशी खूण केल्यास उर्वरित गोष्टी रूढ पद्धतीने गृहीत धरल्या जाऊ लागल्या. २०१४ मध्ये पहिली आवृत्ती निघालेले स्प्रिंग बूट हे साधन, अनुप्रयोगासोबत कोणती साहित्ये जोडलेली आहेत हे पाहून बरीचशी जुळणी स्वतःच करते. जावातील मेव्हन या बांधणीसाधनाने मूळ आज्ञावली व चाचण्या यांच्या फोल्डरांची एक ठराविक मांडणी रूढ केली. जावास्क्रिप्टमधील २०१६ च्या नेक्स्ट-जेएस या फ्रेमवर्कमध्ये विशिष्ट फोल्डरातील फाइलीच्या मार्गावरूनच पानाचा पत्ता तयार होतो. आद्य वेब सर्व्हरांची पद्धती अशा रीतीने नव्या स्वरूपात परत आली असे म्हणता येईल.

याला काहीसा विरोधी विचारही आहे. पायथन भाषेच्या परंपरेत अध्याहृत ठेवण्यापेक्षा स्पष्टपणे सांगणे बरे, असे मानतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स येथील वृत्तपत्राच्या कार्यालयात तयार झालेल्या व २००५ मध्ये खुल्या करण्यात आलेल्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये पत्ते व त्यांना हाताळणारे भाग यांची यादी आज्ञावलीकाराने स्वतः लिहावयाची असते. तथापि सारणीचे नाव व नोंदीचा क्रमांक या बाबतींत तेथेही संकेतच पाळले जातात. दोन्ही पक्षांतील भेद संकेत हवेत की नकोत याविषयी नसून त्यांची सीमा कोठे आखावी याविषयी आहे.

संकेतांचे पालन तपासणारी साधनेही उपलब्ध आहेत. गो या भाषेसोबत मिळणारे गोएफएमटी हे साधन आज्ञावलीची मांडणी स्वतःच एकसारखी करून टाकते, त्यामुळे त्याबाबत मतभेदाला वाव राहत नाही. रुबीसाठी रुबोकॉप व जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट ही साधने संकेतभंग दाखवून देतात. २०१९ मधील रेल्सच्या सहाव्या आवृत्तीपासून फाइलीचे नाव व तिच्यातील वर्गाचे नाव यांचा मेळ बसतो की नाही, हे एका आज्ञेने पडताळून पाहता येते. संकेताचा अबोलपणा अशा साधनांमुळे पुष्कळसा कमी होतो.

संकेत ठरविताना : एखाद्या गटाला स्वतःच्या अनुप्रयोगासाठी संकेत ठरवावयाचे असल्यास वरील अनुभवांवरून काही गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट ठरते. फ्रेमवर्कचा रूढ संकेत उपलब्ध असताना केवळ आवडीखातर निराळा संकेत करू नये. संकेत थोडे असावेत व ते लेखी असावेत, कारण तोंडी संकेत माणसांबरोबर निघून जातात. संकेतभंग झाल्यास यंत्रणेने तो मुकाट्याने पोटात न घालता स्पष्टपणे सांगावा. अपवाद करावा लागल्यास त्याचे कारण तेथेच नोंदवावे. आणि काहीही न लिहिल्यास जे घडणार आहे, ते वापरणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचे असावे. वेब अनुप्रयोगाची रचना संकेतांमुळे सुलभ होते, याचा अर्थ निर्णय घ्यावेच लागत नाहीत असा नव्हे. ते एकदा, सर्वांच्या वतीने व अधिक जबाबदारीने घ्यावे लागतात.